भोसरी ते चाकण : निरोपाचा प्रवास

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतून सकाळी एक टेम्पो निघतो. मोशी मागे टाकून, इंद्रायणीचा पूल ओलांडून, पुणे-नाशिक रस्त्याने तो चाकणला जातो. टेम्पोत पत्र्याचे ब्रॅकेट आहेत. दुचाकीच्या सांगाड्याला कसलासा भाग अडकवण्यासाठी लागतात तसे. अंतर फार नाही. रस्त्यावर गर्दी नसेल (ती बहुधा असतेच) तर पाऊण तासाच्या आत माल पोचतो.

या मालाबरोबर आणखी एक गोष्ट भोसरीहून चाकणला जाते. ती म्हणजे माहिती. माल कोणता, नग किती, कोणत्या मागणीवरून पाठवला, किंमत काय, कर किती. १९८० साली ही माहिती टेम्पोचालकाच्या खिशात असे. कार्बन कागद घालून लिहिलेल्या चलानाच्या तीन रंगीत प्रतींच्या रूपात. आज अनेक ठिकाणी ती टेम्पोच्या आधीच पोचलेली असते. टेम्पो भोसरीच्या फाटकातून बाहेर पडतो तेव्हा चाकणच्या संगणकात त्याची नोंद होऊन गेलेली असते, आणि मधे कोणीही काही लिहून घेतलेले नसते. एका संगणकातील आज्ञावलीने दुसऱ्या संगणकातील आज्ञावलीला निरोप दिला, एवढेच.

निरनिराळी अ‍ॅप एकमेकांना जोडून कामाची साखळी आपोआप चालवणे, हा विषय आज बराच चर्चेत आहे. विद्यार्थी त्याबद्दल प्रश्न विचारतात आणि उत्तर देताना आपली सुरुवात संगणकापासून होते. आम्हाला वाटते, ती कारखान्यापासून व्हायला हवी. कारण यातल्या जवळजवळ सगळ्या मूळ कल्पना संगणक येण्याआधीच कारखान्यात वापरात होत्या. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा हे त्या समजावून घेण्याचे फार सोयीचे ठिकाण आहे.

एक वाहन, शंभर छपऱ्या

या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून सांगण्याची प्रथा आहे. पेनिसिलिन बनवणारी ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्याच दशकात आकुर्डीला बजाज ऑटोचा आणि १९६६ पासून पिंपरीला टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, कारखाना उभा राहिला. चाकणचा बहर बराच नंतरचा. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. ही नावे आपल्या परिचयाची आहेत, तेव्हा त्यांवर अधिक थांबत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते या मोठ्या कारखान्यांभोवती उगवलेले हजारो लहान कारखाने. वाहनात हजारो सुटे भाग असतात आणि ते सगळे एकाच छपराखाली बनवणे परवडत नाही. आपल्या त्या ब्रॅकेटचेच पाहा. पत्रा एका ठिकाणी कापला जातो, तिथेच किंवा शेजारी प्रेसवर वाकवला जातो, दुसऱ्या शेडमध्ये वेल्डिंग होते, तिसरीकडे प्लेटिंग किंवा रंग. मग तो मूळ पुरवठादाराकडे परत येतो, तपासला जातो आणि मोठ्या कारखान्याकडे रवाना होतो. एका लहानशा तुकड्याला चार छपरे. प्रत्येक छपराखालचे काम कसे करायचे हे तिथल्या कारागिराला उत्तम ठाऊक असते. अडचण असते ती दोन छपरांच्या मधल्या जागेत : केव्हा करायचे, किती करायचे आणि झाले हे कोणाला कळवायचे?

ज्या काळात टेलिफोनच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळात हे काम माणसे करत. मोठ्या कारखान्याचा फॉलोअपचा माणूस स्कूटरवरून दिवसभर भोसरी-चिंचवडच्या शेडमधून हिंडे. लहान कारखान्यात डिस्पॅच पाहणारा कारकून असे. एका कागदावरून वाचायचे आणि दुसऱ्या कागदावर लिहायचे, असे त्याच्या कामाचे बाह्यरूप होते. मागणीपत्रक आले की जॉब कार्ड लिहायचे. जॉब कार्ड पुरे होऊन आले की चलान करायचे. चलानाची सही केलेली प्रत परत आली की बिल करायचे.

या तीन वाक्यांची घडण सारखीच आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. 'अमुक झाले की तमुक करायचे.' पहिल्या भागाला आपण चालना देणारी घटना म्हणू; संगणकाच्या भाषेत तिला ट्रिगर म्हणतात. दुसरा भाग म्हणजे कृती. दोहोंच्या मधे कधी कधी एक अट असते : 'माल पास झाला असेल तर'च चलान करायचे. घटना, अट आणि कृती या तीन गोष्टींवर स्वयंचलनाचा सगळा डोलारा उभा आहे. एका कृतीचा शेवट हीच पुढच्या कृतीला चालना देणारी घटना ठरते आणि साखळी तयार होते.

कार्डाने दिलेली आज्ञा

ही साखळी जाणीवपूर्वक रचून तिचे शास्त्र बनवण्याचे श्रेय जपानच्या टोयोटा कंपनीतील ताइइची ओनो या अभियंत्याकडे जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीजवळ पैसा कमी आणि जागाही कमी. माल आधी बनवून गोदामात रचून ठेवणे शक्यच नव्हते. ओनो यांचे लक्ष अमेरिकेतील सुपरमार्केटकडे गेले. तिथे ग्राहक फळीवरून वस्तू उचलतो आणि जेवढी जागा रिकामी झाली तेवढाच माल पुन्हा भरला जातो. दुकानदार अंदाजाने फळी भरत नाही. रिकामी झालेली जागाच त्याला सांगते. मग कारखान्यातही पुढच्या टप्प्याने मागच्या टप्प्याकडे 'ग्राहक' म्हणून का जाऊ नये?

यातून कानबान पद्धत आली. कानबान म्हणजे पाटी किंवा फलक. भागांच्या प्रत्येक पेटीला एक कार्ड लावलेले असते. त्यावर भागाचे नाव, क्रमांक, पेटीत किती नग मावतात, कुठून आले आणि कुठे जायचे, एवढेच लिहिलेले. जोडणीच्या ओळीवरील कामगाराने पेटीतला माल वापरायला घेतला की कार्ड सुटते आणि मागच्या विभागाकडे जाते. तिथे कार्ड पोचले, म्हणजे एक पेटी माल बनवायचा. कार्ड नाही, तर काम नाही. यंत्र मोकळे असले, कामगार मोकळा असला, तरी नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ही पद्धत टोयोटाच्या सर्व कारखान्यांत पसरली होती.

कार्डे किती असावीत याचे गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे. समजा, चाकणच्या ओळीवर दिवसाला ४८० ब्रॅकेट लागतात. कार्ड सुटल्यापासून भरलेली पेटी परत येईपर्यंत अर्धा दिवस जातो. म्हणजे त्या अवधीत २४० नग खपतील. रस्ता आहे, वीज आहे, काहीही होऊ शकते, म्हणून २० टक्के जास्त धरू : २८८ नग. पेटीत २४ नग मावत असतील तर कार्डे हवीत २८८ भागिले २४, म्हणजे १२. संपूर्ण साखळीत बाराच पेट्या फिरतील, तेराव्या पेटीला जागाच नाही. आता मधला वेळ अर्ध्या दिवसावरून पाव दिवसावर आणला तर कार्डे सहा पुरतात आणि पडून राहणारा माल निम्म्यावर येतो. येथे एकही यंत्र अधिक वेगाने चाललेले नाही. निरोप आणि टेम्पो लवकर पोचला, इतकेच घडले आहे.

आपल्याकडे या हिशेबाची निकड उशिरा भासली आणि त्याचे कारणही सरळ आहे. १९७० च्या दशकात बजाजच्या स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून कित्येक वर्षे थांबत. गिऱ्हाईक रांगेत उभे असताना गोदामात चार दिवसांचे ब्रॅकेट जास्त पडले तर कोणाची झोप उडत नव्हती. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांशी भागीदारी सुरू झाली, १९९१ नंतर स्पर्धा आली, आणि पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा हे सर्वांना दिसू लागले. पुण्याच्या पट्ट्यात कार्ड, दोन पेट्यांची पद्धत, तासातासाला फिरणारे टेम्पो हे शब्द मग रोजच्या बोलण्यात आले.

कानबानच्या कार्डात तीन गुण आहेत, ते पुढे उपयोगी पडणार आहेत म्हणून येथेच नोंदवतो. कार्डावरील मजकूर ठरावीक नमुन्यात असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला अर्थ लावत बसावे लागत नाही. कार्ड ही एकाच वेळी बातमीही असते आणि परवानगीही. आणि तिसरी गोष्ट, जी सहसा सुटते : कार्ड ही वस्तू आहे. ते एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. त्याची प्रत निघत नाही.

बेटे आणि पूल

यंत्रांच्या बाजूने पाहिले तर 'अमुक झाले की तमुक' हे तर्कशास्त्र आधी रिलेच्या मोठमोठ्या कपाटांतून चाले. हजारो तारांचे हे जंजाळ नको म्हणून जनरल मोटर्सच्या एका विभागाने पर्याय मागितला आणि १९६८-६९ मध्ये डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीएलसी, म्हणजे आज्ञावली बदलता येणारा नियंत्रक, बनवला. भोसरीतील साध्या प्रेसवरही आज तो आढळतो. पण पीएलसी एका यंत्राचे भान ठेवतो. कचेरीतील कागदांशी त्याचा संबंध नव्हता.

कचेरीत संगणक आले तेही बेटांसारखे. स्टोअरचा एक, हिशेबाचा दुसरा, उत्पादन नियोजनाचा तिसरा. एका संगणकाने डॉट मॅट्रिक्सवर लांबलचक यादी छापायची आणि दुसऱ्यासमोर बसलेल्या माणसाने ती पुन्हा टंकायची, हे दृश्य १९९० च्या दशकात पाहिलेले पुष्कळ वाचक असतील. संगणक वेगवान होता, पण दोन संगणकांच्या मधला पूल म्हणजे माणसाची दहा बोटे होती.

हा पूल बांधण्याचे प्रयत्न जगात दोन निरनिराळ्या ठिकाणी चालू होते. एक प्रयत्न मालवाहतुकीतला. १९४८-४९ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली असताना विमानांनी शहराला अन्नधान्य व कोळसा पुरवला गेला. निरनिराळ्या ठिकाणांहून येणाऱ्या मालाच्या याद्या निरनिराळ्या नमुन्यांत असल्याने गोंधळ होई. एड गिल्बर्ट या अमेरिकी अधिकाऱ्याने एकच प्रमाण नमुना ठरवून दिला, जो तारेने, दूरमुद्रकाने किंवा फोनवर वाचून, कसाही पाठवता येईल. पुढे याच विचारातून १९७९ मध्ये अमेरिकेत एक्स-१२ हे मानक आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने एडिफॅक्ट हे मानक आकाराला आले. एडिफॅक्टमध्ये पुरवठ्याच्या वेळापत्रकाचा संदेश निराळा, माल निघाल्याच्या सूचनेचा निराळा, बिलाचा निराळा. म्हणजे आपल्या कारकुनाचे मागणीपत्रक, चलान आणि बिलच. फक्त प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली.

दुसरा प्रयत्न संगणकशास्त्रज्ञांचा. बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात सुचवले होते की, बागेला पाणी घालण्याच्या नळीचे तुकडे जसे एकमेकांना जोडता येतात तशा आज्ञावली जोडता याव्यात. १९७३ मध्ये त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीत ही सोय केली. एका आज्ञावलीतून बाहेर पडणारी माहिती थेट दुसरीत शिरू लागली. यातील मर्म असे की, पहिल्या आज्ञावलीला दुसरी कोणती आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. नळीच्या तोंडाचा आकार जुळला की पुरे.

आजची अ‍ॅप जोडणारी साधने या दोन्ही प्रवाहांची वारस आहेत. २०११ च्या सुमारास अशा सेवा सर्वसामान्यांसाठी खुल्या झाल्या. त्यातल्या एकीचे पूर्ण नावच 'इफ धिस देन दॅट' म्हणजे 'हे झाले तर ते' असे आहे. दुसरी झेपियर. अशा साधनात आपण एका बाजूला घटना निवडतो, 'ईमेलमध्ये नवे मागणीपत्रक आले'. दुसऱ्या बाजूला कृती निवडतो, 'तक्त्यात नवी ओळ लिही'. मग इकडचा कोणता रकाना तिकडच्या कोणत्या रकान्यात जायचा ते जुळवून देतो.

हे जुळवणे सोपे वाटते, पण खरा घोटाळा येथेच होतो. एका ठिकाणी 'पार्ट नंबर' आहे, दुसरीकडे 'आयटम कोड'. एक नट-बोल्ट नगांवर मोजतो, दुसरा किलोवर. ०५/०६ ही तारीख आपल्याकडे ५ जून असते आणि अमेरिकी आज्ञावलीला ती ६ मे वाटते. गिल्बर्ट यांना बर्लिनमध्ये भेटलेली अडचण ती हीच.

घटना घडली हे कळण्याचेही दोन मार्ग आहेत. एक, दर पाच मिनिटांनी जाऊन 'काही नवे आहे का?' असे विचारायचे; आपल्या स्कूटरवरच्या फॉलोअपच्या माणसासारखे. यात बहुतेक फेऱ्या फुकट जातात. दुसरा, घटना घडताच जिथे घडली त्यानेच निरोप धाडायचा; सुटलेल्या कानबान कार्डासारखे. या दुसऱ्या प्रकाराला वेबहुक हे नाव २००७ मध्ये मिळाले. तो वेगवान आहे आणि काटकसरीचाही. पण निरोप वाटेत हरवला तर घेणाऱ्याला पत्ताच लागत नाही. फेरी मारणारा माणूस उशिरा का होईना, विचारतोच.

आठशेचे सोळाशे

येथे आम्ही पाहिलेला एक प्रसंग सांगतो. भोसरीतील एका लघुउद्योगाने दोन वर्षांपूर्वी मोठ्या कारखान्याकडून येणारी वेळापत्रके आपल्या उत्पादनाच्या आज्ञावलीशी थेट जोडून घेतली. वेळापत्रक आले की जॉब कार्ड आपोआप तयार व्हायचे. सव्वीस वर्षे हे काम हाताने करणारे कारकून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांची जागा भरण्याऐवजी ही सोय केली गेली आणि काही महिने ती उत्तम चालली. एके दिवशी ८०० नगांचे वेळापत्रक दोनदा आले. आज्ञावलीने दोन जॉब कार्डे केली. १६०० नग कापले, वाकवले, वेल्ड केले, प्लेटिंगहून परतही आले. चूक लक्षात आली ती डिस्पॅचच्या वेळी. त्या भागाची मागणी संथ होती, त्यामुळे जादा ८०० नग कित्येक आठवडे रॅकवर पडून राहिले आणि प्लेटिंगवाल्याचे बिल मात्र वेळेवर आले. मालक म्हणाले, "आमच्या जुन्या भाऊंनी हे दोन मिनिटांत ओळखलं असतं. फोन उचलून विचारलं असतं, साहेब, कालच दिलं होतं, परत कसं?"

दोनदा का आले? पाठवणाऱ्याची चूक म्हणावी तर ती चूकही नव्हती. पाठवणाऱ्या आज्ञावलीने निरोप धाडला आणि पोचपावतीची वाट पाहिली. पावती आली नाही. आता तिच्यासमोर दोन शक्यता होत्या. निरोपच पोचला नाही, किंवा निरोप पोचला पण पावती परत येताना हरवली. पाठवणाऱ्याच्या जागी बसून या दोन शक्यता वेगळ्या ओळखण्याचा कोणताही मार्ग नाही. विद्यार्थ्यांना यावर जरूर विचार करू द्यावा. बरेच जण 'पावतीची पावती' सुचवतील आणि मग तीही हरवू शकते हे त्यांच्या ध्यानात येईल. पुन्हा न पाठवावे तर माल न मिळण्याचा धोका, पाठवावे तर दुबार होण्याचा. त्यामुळे शहाणी आज्ञावली पुन्हा पाठवतेच. दुबार निरोप ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

कानबानच्या कार्डाला हा प्रश्नच नव्हता, कारण कार्ड ही वस्तू होती. संगणकातील निरोपाच्या हव्या तितक्या प्रती निघतात. म्हणून निरोपाला स्वतःची अशी एक ओळख द्यावी लागते, जी पुन्हा पाठवल्याने बदलणार नाही. घेणाऱ्याने ती नोंदून ठेवायची, आणि तीच ओळख पुन्हा दिसली तर 'हे झाले आहे' म्हणून सोडून द्यायचे. त्या लघुउद्योगाच्या आज्ञावलीत वेळापत्रकाचा क्रमांक येत होता. तो तपासायचा असतो, हे जोडणी करणाऱ्याला सुचले नव्हते.

६४ अक्षरांची ओळख

याच कल्पनेचा भव्य प्रमाणावरील वापर आपल्या देशात रोज होतो. जीएसटीच्या व्यवस्थेत ऑक्टोबर २०२० पासून ई-इन्व्हॉइस आले. सुरुवातीला ते ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना लागू होते. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली आणि भोसरी-चाकणमधले पुष्कळ मध्यम व लहान पुरवठादार तिच्या कक्षेत आले. बिल बनवणारी आज्ञावली बिलाचा मजकूर ठरावीक नमुन्यात नोंदणी पोर्टलकडे पाठवते. पोर्टल तो तपासते, त्याला एक नोंदणी क्रमांक देते आणि सही केलेली क्यूआर आकृती परत करते. तीच माहिती पुढे विक्रेत्याच्या विवरणपत्रात आपोआप जाऊन बसते. माल रस्त्याने न्यायला लागणारे ई-वे बिल २०१८ पासून आहे. तेही याच माहितीतून तयार होऊ शकते. एक घटना आणि तिच्यामागे कृतींची रांग.

या बिलाचा नोंदणी क्रमांक ६४ अक्षरांचा असतो, आणि तो लॉटरीसारखा काढलेला नसतो. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक या चार गोष्टी एका गणिती चक्कीत घालून तो दळलेला असतो. या चक्कीचे दोन गुण आहेत. पिठातून जसा गहू परत मिळत नाही, तसे उत्तरावरून मूळ मजकूर काढता येत नाही. आणि तोच मजकूर कितीही वेळा दळला तरी अगदी तेच पीठ पडते. ६४ जागा, प्रत्येक जागी सोळांपैकी एक चिन्ह. म्हणजे सोळाचा चौसष्टावा घात, साधारण एकावर ७७ शून्ये इतकी निरनिराळी उत्तरे संभवतात. दोन वेगळ्या बिलांचे पीठ सारखे निघण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

याचा परिणाम पाहा. भोसरीतील इंटरनेट मधेच तुटले, पावती आली नाही, आज्ञावलीने तेच बिल पुन्हा पाठवले. पोर्टल दळते, तोच क्रमांक निघतो, आणि दुबार म्हणून नोंद नाकारली जाते. कर दोनदा लागत नाही. ८०० चे १६०० होत नाहीत. करप्रणालीबद्दल उद्योजकांच्या तक्रारी अनेक असतील, त्यात आम्ही शिरत नाही; पण एवढी रचना नीट विचार करून केलेली आहे हे मान्य करायला हवे.

तरीही, भाऊंनी ओळखले असते ते निराळेच. त्यांनी क्रमांक तपासला नसता. त्या भागाची मागणी आठवड्याला साधारण किती असते हे त्यांच्या अंगवळणी पडले होते, म्हणून १६०० हा आकडा त्यांना खटकला असता. म्हणजे घटना आणि कृतीच्या मधे एक अट होती, जी कुठेच लिहिलेली नव्हती. ते निवृत्त झाले तेव्हा कागद बदलून देण्याचे काम आज्ञावलीकडे गेले आणि अट त्यांच्याबरोबर घरी गेली. पुढे त्या मालकांनी भाऊंना तीन-चार दिवस बोलावून घेतले आणि ते काय काय पाहात असत ते लिहून काढले. यादी एकोणीस मुद्द्यांची झाली. 'नेहमीच्या दीडपटीहून जास्त मागणी आली तर थांबव आणि माणसाला विचार' हा पहिला. शेवटचा, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात प्लेटिंगवाल्याची तारीख खरी धरायची नाही, हा. पहिला आज्ञावलीत घालता आला. शेवटचा आम्ही पाहिले तेव्हा तरी भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरच होता.

साखळी जितकी घट्ट, तितका एका कडीचा ताण सगळीकडे पोचतो. ज्या टोयोटाने कार्डाची पद्धत जगाला दिली, तिचे जपानमधील सर्व १४ कारखाने २९ ऑगस्ट २०२३ रोजी बंद पडले. सुटे भाग संपले नव्हते, यंत्रेही बिघडली नव्हती. भागांची मागणी पुरवठादारांना कळवणाऱ्या संगणकांवर दोन दिवस आधी देखभालीचे काम चालले असताना साठवणुकीची जागा अपुरी पडली आणि निरोप जाणेच थांबले. पर्यायी संगणकही त्याच रचनेचा असल्याने तोही त्याच कारणाने अडला. अधिक जागेच्या संगणकावर माहिती हलवल्यानंतर दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. कागदाची कार्डे असती तर ती एकाच वेळी सगळ्या कारखान्यांत संपली नसती.

वर्गात करून पाहण्यासाठी

चार विद्यार्थी, वीसेक रिकाम्या काड्यापेट्या, काड्यांचा ढीग, रबरबँड आणि पोस्टकार्डाचे कापलेले सहा तुकडे एवढे साहित्य पुरे. पहिला विद्यार्थी पेटीत दहा काड्या मोजून भरतो, दुसरा तिला रबरबँड लावतो, तिसरा गिऱ्हाईक म्हणून दर अर्ध्या मिनिटाला एक पेटी उचलतो. चौथा नोंद ठेवतो : दर दोन मिनिटांनी टेबलावर तयार पेट्या किती आहेत. पहिल्या खेपेस कार्डे वापरू नयेत, दोघांनी जमेल तितक्या वेगाने काम करावे. दुसऱ्या खेपेस प्रत्येक तयार पेटीला एक कार्ड लावावे आणि गिऱ्हाइकाने पेटी उचलताच कार्ड सोडून पहिल्याकडे परत द्यावे. कार्ड हातात असल्याशिवाय पहिल्याने पेटीला हात लावायचा नाही.

तिसऱ्या खेपेस शिक्षकांनी कोणाला न सांगता एक कार्ड खिशात घालावे, आणि चौथ्या खेपेस एका कार्डाची हुबेहूब नक्कल टेबलावर सरकवावी. नोंदवहीतील आकडे चारही खेपांना आलेखावर काढले की फरक दिसतो. नक्कल ओळखण्यासाठी कार्डावर काय लिहायला हवे होते, हे मुलांनाच ठरवू द्यावे. खेळ संपल्यावर कार्डे मात्र मोजून परत घ्यावीत. आमच्याकडे दोन वेळा एक कार्ड कमी भरले आणि दोन्ही वेळा ते काड्यापेटीच्या आत सापडले.